जेवल्याशिवाय जायचं नाही

मराठी माणूस घरी आलेल्याच्या हातात आधी पाण्याचा तांब्या देतो आणि लगेच निदान करतो, ‘वाळलास रे!’ या निदानाला वजनकाट्याचा आधार लागत नाही. पाहुण्याचा पट्टा शेवटच्या भोकावर येऊन टेकला असला तरी ते बदलत नाही. निदान ठरलेलं, तसा उपचारही ठरलेला, आणि तो ताटात वाढून येतो. विदर्भात तर ‘जेवून जा ना बाप्पा’ हे आमंत्रण कमी आणि अटकेचं वॉरंट जास्त असतं. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या एखाद्या घरी भात दोनच माणसांपुरता शिजलेला असला, तरी त्यातला अर्धा तुमच्यापुढे येणार आणि यजमान ‘मला भूकच नाही’ हे जगातलं सर्वांत जुनं खोटं बोलणार. या रीतीबद्दल माझी तक्रार नाही, तिच्यावर कित्येक पिढ्या वाढल्या आहेत. माझं म्हणणं एवढंच, की ही रीत दोन पायांच्या पाहुण्यासाठी घडलेली आहे. रानातला चार पायांचा पाहुणा तिच्या तावडीत सापडला, तर ती त्याला अत्यंत प्रेमाने मारते.

या बाबतीत इंग्रज आपले चुलतभाऊ निघाले. त्यांच्याकडे हेजहॉग नावाचा काटेरी प्राणी घरामागच्या बागेत फिरतो. मराठी कोशात त्याला ‘जाहक’ असं भारदस्त नाव आहे, पण त्या नावाने हाक मारली तर ओ देईल असा कुणी पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत राहत नाही. आपल्या देशातले जाहक मुख्यतः गुजरात-राजस्थानच्या कोरड्या माळांवर आणि दक्षिणेत तमिळनाडूकडे. ब्रिटनमधला जाहक हिवाळा झोपून काढतो, आणि त्यासाठी त्याच्या अंगावर आधी पुरेशी चरबी चढावी लागते. उशिरा जन्मलेली पिल्लं थंडी पडेपर्यंत तेवढी भरत नाहीत. नोव्हेंबरात साडेचारशे ग्रॅमच्या आतलं पिल्लू भरदुपारी हिरवळीवर डुगडुगत चाललेलं दिसलं, तर ते ऊन खायला आलेलं नसतं. रातपाळीत पोट भरलं नाही म्हणून ते दिवसपाळी करत असतं. मग कुणीतरी दयाळू गृहस्थ त्याला उचलून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवतो. ‘वाळलास रे’ म्हणण्यापूर्वी खरोखर वजन करून पाहणारी माणसं जगात आहेत हे वाचून आपल्याकडच्या आत्याबाईंना धक्का बसेल. पण वजनानंतर मात्र त्यांच्याही आत्याबाईंनी पिढ्यान्‌पिढ्या एकच उपचार केला, तो म्हणजे बशीभर दूध आणि त्यात कुस्करलेला पाव. जाहकाला दुधातली साखर पचत नाही. त्याला जुलाब होतात, अंगातलं पाणी जातं आणि आधीच वाळलेला जीव आणखी वाळतो. १९८२ साली तिथे जाहकांच्या रक्षणासाठी एक राष्ट्रीय संस्थाच स्थापन झाली, आणि जाहकप्रेमींना अजूनही कंठशोष करून सांगावं लागतं, की बशीत पाणी ठेवा, खायला मांजराचं मांसाचं खाणं ठेवा आणि दूध तुमच्या चहात घाला. शिवाय अंग गार पडलेल्या जाहकाला आधी ऊब द्यायची, मग पाणी आणि अगदी शेवटी अन्न, कारण गार पोटात घास पचत नाही. म्हणजे ताट सगळ्यांत शेवटी! आपल्या पाहुणचाराच्या शास्त्रात असा क्रम कुठेच सापडणार नाही.

जाहकाची जागा आपल्याकडच्या रानात खवल्या मांजराने घेतली आहे. नावात मांजर असलं तरी मांजराशी त्याचं नातं असलंच तर फार फार दूरचं. तोंडात दात नाही, खाणं फक्त मुंग्या आणि वाळवी, त्यासाठी वीतभर लांब चिकट जीभ. दिवसभर बिळात, रात्री कामावर. घाबरलं की नाक पोटाशी घेऊन अंगाची गुंडाळी करतं आणि वरून नुसते खवले उरतात. हा चेंडू वाघालाही सहजासहजी उघडत नाही. लाखो वर्षांच्या या बंदोबस्तात एकच उणीव राहून गेली, ती म्हणजे चेंडू उचलता येतो. वाघ पंजाने दोनदा लोळवून कंटाळून निघून जातो, माणूस गोणी आणायला जातो. खवल्यांच्या चोरट्या व्यापारामुळे हा प्राणी इतका धोक्यात आला, की २०१६ साली जोहान्सबर्गच्या वन्यजीव-व्यापारविषयक परिषदेत त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर पूर्ण बंदी घालण्याचं ठरलं. तेव्हा रात्री कामावर असणारं हे खवल्या मांजर भरदिवसा बांधावर दिसलं, तर बहुधा ते आजारी आहे, जखमी आहे किंवा त्याचं बीळ कुणीतरी उकरलं आहे. आपल्याकडचा दुसरा निशाचर म्हणजे काटेरी सायाळ, काही जण तिला साळिंदर म्हणतात. सायाळीला कुणी मांडीवर घेत नाही. ती काटे फेकून मारते ही तिची निव्वळ बदनामी आहे, पण या बदनामीने तिचा जितका बचाव केला आहे तितका कुठल्या सरकारी फलकानेही केला नसेल.

गोंडस प्राण्यांची मात्र खैर नाही. मार्च-एप्रिलात मोहफुलं वेचायला पहाटे रानात गेलेल्यांना किंवा मे महिन्यात तेंदूपानं तोडणाऱ्यांना गवतात चितळाचं पाडस दिसतं. आई जवळ नाही, पाडस हलत नाही, ओरडत नाही, नुसतं टपोऱ्या डोळ्यांनी बघत पडलेलं. बघणाऱ्याचं काळीज पिळवटतं, ‘अनाथ आहे बिचारं!’ प्रत्यक्षात ते अनाथ नसून आज्ञाधारक आहे. चितळाची मादी पिलाला गवतात दडवून चरायला जाते आणि पाजायला परत येते. पिलाच्या अंगाला वास जवळजवळ नसतो, म्हणून हललं नाही तर बिबट्या शेजारून गेला तरी त्याला पत्ता लागत नाही. आपल्या पोरांना दहा मिनिटं एका जागी बसवता येत नाही, त्यामुळे जे मूल तासन्‌तास शांत पडून आहे त्याला नक्कीच काहीतरी झालंय असं वाटणं स्वाभाविक आहे. मग पाडस छातीशी धरून गावात येतं, अंगणात पोरांची जत्रा भरते, त्याचं नाव सोनू किंवा राणी ठेवलं जातं आणि वाटीभर गाईचं दूध पुढे सरकतं. हरणाचं दूध गाईच्या दुधापेक्षा कितीतरी घट्ट असतं, गाईच्या दुधावर पाडसाचं पोट बिघडतं. दूध पाजलं नाही तरी संकट टळत नाही. पकडलेल्या हरणाचे स्नायू नुसत्या भीतीने आणि धडपडीने आतून झिजू लागतात. पशुवैद्यांच्या भाषेत याला ‘कॅप्चर मायोपॅथी’ म्हणतात. वरून काहीही दिसत नाही, आणि काही तासांनी, कधी काही दिवसांनी, जनावर मरतं. म्हणजे आपण कुरवाळत असताना सोनू ‘किती शांत आहे’ असं आपल्याला वाटतं, तेव्हा तो घाबरून गोठलेला असतो.

कायद्याने या प्रेमप्रकरणाकडे कोरड्या नजरेने पाहिलं आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातली ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या नुसत्या मारण्यावर थांबत नाही, पकडणंही तिच्यात येतं. वन्यप्राणी आपल्या ताब्यात आला तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकाऱ्याला कळवायचं, कारण बंदिस्त ठेवलेला तो प्राणी सरकारी मालमत्ता ठरतो. ज्या माणसाने आयुष्यात साधी गुलेरही हातात धरली नाही, तो पाडसाला उचलून चार दिवस गोठ्यात ठेवतो आणि कागदोपत्री शिकाऱ्यांच्या पंक्तीला जाऊन बसतो. या पंक्तीत ताट कुणी वाढत नाही.

यावर पहिला आक्षेप भावनेचा असतो, आणि तो रास्त आहे. पाडसाला एकदा माणसाचा हात लागला की आई त्याला जवळ करत नाही म्हणे, मग उचललेलं पिल्लू परत ठेवून काय उपयोग? हा समज आपल्याकडे इतका पक्का आहे, की तो खोटा आहे हे सांगणाराच संशयित ठरतो. त्यासाठी पुणे जिल्ह्यातल्या जुन्नरकडे बघावं. तिथे उसाची तोडणी सुरू झाली की फडात बिबट्याची पिल्लं सापडतात. तोडणी करणारे, मुकादम, पोरंटोरं, सगळ्यांचे हात त्यांना लागून झालेले असतात. वनविभागाची माणसं आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातले डॉक्टर पिल्लं तपासतात, संध्याकाळी त्याच शेतात एका खोक्यात ठेवतात आणि लांब जाऊन बसतात. अंधार पडला की मादी येते आणि एकेक पिल्लू मानेला धरून घेऊन जाते. हे एकदा-दोनदा नाही, अनेकदा घडलं आहे, कॅमेऱ्यांत टिपलंही गेलं आहे. बिबट्याची मादी पिलाला कुणी हात लावला याची चौकशी करत नाही. तसली चौकशी माणसांच्या घरात होते, आणि आपण तिचा आळ रानावर घातला.

मग डोळ्यांदेखत मरू द्यायचं का? अजिबात नाही. माझं भांडण मदतीशी नाही, मदतीच्या घाईशी आहे. रानातला एखादा प्राणी किंवा पक्षी अडचणीत दिसला, तर आधी चार हात लांब उभं राहून पाहायचं. रक्त, माश्या, लंगडणं, लोंबणारा पंख, उन्हात कोलमडलेलं खवल्या मांजर, कुत्री मागे लागणं, मेलेली आई, यातलं काही आहे का? नसेल तर आपल्या वाटेला लागायचं, ही त्या दिवशी तुमच्या हातून होऊ शकणारी सर्वोत्तम मदत. असेल तर १९२६ या वनविभागाच्या क्रमांकावर फोन करायचा आणि सांगतील तेवढंच करायचं. खोक्यात ठेवायला सांगितलं तर खोकं किराणा दुकानातलं पुठ्ठ्याचं चालतं, वर सुरीने टोचलेली भोकं, तळाला जुनं सुती लुगडं, झाकण बंद, आत अंधार. खवल्या मांजरापुढे पुठ्ठा म्हणजे पापड, त्याची नखं वारुळं फोडण्यासाठी बनलेली आहेत, त्याला पत्र्याची पेटीच हवी. ब्रिटनमध्ये खोक्यात गरम पाण्याची बाटली ठेवतात. ती नक्कल चंद्रपुरात मे महिन्यात करू नये, इथे पारा ४७ अंशांच्या वर चढतो आणि बाटली आपोआप गरम होते. इथे ऊब नको, सावली हवी, वारा हवा. पाणी पसरट झाकणात बाजूला ठेवायचं. चमच्याने तोंडात ओतलं तर ते फुफ्फुसात उतरतं आणि वाचवायला आणलेला जीव आपल्या हातांतच बुडतो. फोटो काढलाच तर गावाच्या नावासह सगळ्यांना पाठवायचा नाही, कारण खवल्यांची गिऱ्हाइकंही फोन वापरतात. आणि खोकं उघडून ‘जिवंत आहे का’ हे दर पाच मिनिटांनी बघायचं नाही. हा शेवटचा नियम पाळणं सर्वांत अवघड जातं.

दुसरा आक्षेप भामरागडहून येतो आणि तो भलताच वजनदार आहे. भामरागडजवळच्या हेमलकशाला डॉ. प्रकाश आमट्यांनी बिबटे, अस्वलं, माकडं हातांनी वाढवली, जग त्यांना नमस्कार करतं, आणि तुम्ही आम्हाला साधं पाडस घरी आणू देत नाही? त्यासाठी ती गोष्ट मुळापासून नीट ऐकावी. २३ डिसेंबर १९७३ ला हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. त्यानंतर एकदा रानातल्या वाटेवर आमट्यांना शिकार करून परतणारे माडिया आदिवासी भेटले. मारलेली माकडीण काठीला बांधलेली, आणि तिला बिलगलेलं जिवंत पिल्लू अजून दूध शोधत होतं. पिलाचंही कालवणच होणार होतं. भूक हे त्यामागचं साधं कारण होतं. आमट्यांनी धान्य देऊन पिल्लू मागून घेतलं आणि तिथून हेमलकशाच्या प्राण्यांच्या अनाथालयाची सुरुवात झाली. आता हिशेब करा. त्या पिलापुढे आई हा पर्याय उरला नव्हता, पातेलं हा होता. गवतात आईची वाट बघणाऱ्या पाडसाची आणि त्याची परिस्थिती एक नाही. शिवाय तिथे माणसाच्या हातावर वाढलेले प्राणी पुन्हा रानात रमू शकत नाहीत म्हणून त्यांना जन्मभर सांभाळावं लागतं. म्हणजे हेमलकशाकडे बोट दाखवून पिल्लू घरी आणणाऱ्याने पुढची पंधरा वर्षं सुट्टी न घेता अस्वलाची सेवा करण्याची तयारी ठेवावी. मॅगसेसे पारितोषिक २००८ साली मिळालं, शेण-मूत त्याआधी जवळपास तीन तपं उचलावं लागलं.

आणि भामरागडची गोष्ट निघालीच आहे तर दुधाचंही सांगायला हवं. माडियांमध्ये परंपरेने गाईचं दूध काढायचीच रीत नव्हती. गाईला आलेलं दूध वासराचं, ते आपण कसं घ्यायचं, असा साधा हिशेब. शहरातून आलेल्यांनी याला मागासलेपण म्हटलं. कोणतं दूध कुणाचं, हा प्रश्न मात्र माडियांनी बिनचूक सोडवला होता. आपण गाईचं दूध वासराकडून घेऊन हरणाला, जाहकाला आणि नागपंचमीला नागाला देतो. साप दूध पीत नाही, दिवसचे दिवस तहानलेला ठेवला तर समोर येईल ते ओलं तोंडात घेतो. एवढ्या फिरवाफिरवीत ज्याचं दूध होतं ते वासरू दावणीला हंबरत असतो, आणि त्याला मात्र कुणी ‘वाळलास रे’ म्हणत नाही.

तिसरा आक्षेप घेणारे जाणकार असतात. ते म्हणतात, गडचिरोलीत खुद्द वनविभागानेच गिधाडांसाठी ‘उपाहारगृह’ काढलं, मग खाऊ घालणं वाईट कसं? प्रश्न चांगला आहे, उत्तर त्या उपाहारगृहाच्या व्यवस्थेतच आहे. तिथे गिधाडांना जे खायची सवय आहे तेच मिळतं, म्हणजे मेलेली गुरं. जनावरांच्या उपचारात वापरल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकने गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होऊन ती लाखोंनी मेली, म्हणून २००६ साली त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर देशात बंदी आली. उपाहारगृहातला मेनू निवडताना हेच पाहायचं, की मेलेल्या गुराच्या अंगात ते औषध नसावं. बाकी मालक दिसत नाही, वेटर नाही, ‘अजून थोडं घ्या’ नाही, गिधाडाच्या डोक्यावरून हात फिरवणं नाही. जेवणारा केव्हा आला, किती जेवला, केव्हा गेला, याची नोंद लांबून. महाराष्ट्रातलं बहुधा हे एकमेव उपाहारगृह असेल जिथे पाहुण्याला सुखाने जेवू देतात.

याच्या उलट टोकाला आणखी एक जात आहे, ती हात खिशात घालून ‘निसर्गाचा नियम आहे’ म्हणते. दुबळं ते मरणारच, मध्ये पडू नये. ही मंडळी माझ्या बाजूची वाटतात, पण नाहीत. बल्लारशाह-गोंदिया रेल्वेमार्गावर २०१८ च्या नोव्हेंबरात चिचपल्लीजवळ वाघाचे तीन बछडे गाडीखाली गेले, त्या गाडीचं वेळापत्रक निसर्गाने छापलेलं नव्हतं. शेताला सोडलेली वीज, कठडा नसलेली विहीर, रानातून काढलेला सरळसोट रस्ता, हे सगळं आपणच मांडून ठेवलं आहे. तेव्हा मदत करायची हौस असेल तर ती इथे वापरावी. ब्रिटनमधली ती जाहकांची संस्था उभी राहिली एका मेजरसाहेबांमुळे. गुरं अडवायला रस्त्यात बसवलेल्या लोखंडी जाळीखालच्या खड्ड्यात जाहक पडून अडकतात, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी दूध पाजलं नाही, खड्ड्याला एक लहानसा उतार करून द्यायला लावला. जाहक आपल्या पायांनी वर चढून गेले. पुढे एका बर्गरवाल्या कंपनीच्या आइस्क्रीमच्या कपाच्या झाकणात जाहकांची डोकी अडकू लागली, तेव्हा कंपनीला झाकणाचं भोक बदलावं लागलं. आपल्याकडे विहिरीत पडलेल्या बिबट्याला वर काढायला दोराने खाट सोडतात, बिबट्या तिच्यावर ऐसपैस बसतो आणि वर येताच आभार न मानता पळतो. विहिरीला कमरेएवढा कठडा बांधला तर खाटेवर माणसाला झोपता येईल. अर्थात कठड्याबरोबर फोटो चांगला येत नाही, ही त्या उपायातली खरी अडचण आहे.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा. फोन करा म्हणता, पण भामरागडच्या पुढे रेंज मिळवायला टेकडीवर चढावं लागतं, आणि चंद्रपूरच्या उपचार केंद्रापासून गाव दूर. माणूस येईपर्यंत तीन तास जातात, त्या तीन तासांत हातावर हात ठेवून बसायचं? हो, बसायचं. तीन तास अंधाऱ्या पेटीत पडून राहणं हे खवल्या मांजरासाठी संकट नाही, त्याचं निम्मं आयुष्य तसंच जातं. संकट आहे ते बाहेर जमलेल्यांचं, ज्यांना काहीतरी केल्याशिवाय राहवत नाही. त्यांच्यासाठी काम आहे. कुत्री बांधा, पोरांना पांगवा, पेटी कडुनिंबाच्या सावलीत सरकवा आणि सावली फिरली की पुन्हा सरकवा. आणि एवढं करूनही एखादी आजी पदराआड दुधाची वाटी घेऊन आलीच, तर तिला परत पाठवू नका, तिचा अपमान होईल. वाटी घ्या, चुलीवर आधण ठेवा आणि दूध चहात ओता. चाळीस किलोमीटर मोटरसायकल हाणत धुळीने पांढरा झालेला वनरक्षक एवढ्यात पोहोचेल, सकाळपासून त्याच्या पोटात काही नसेल, आणि नीट पाहिलं तर वाळलेला तोच दिसेल.